फिट, मिरगी आणि संध्याकाळची गोळी

गेल्या महिन्यातल्या पत्रांत एक पत्र वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनचे होते. वहीचे चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. ‘नाव छापू नका’ असे वरच लिहिले होते, तेव्हा नाव अर्थातच देत नाही. पत्र एका सासूबाईंचे आहे आणि त्यांनी परवानगी दिली म्हणूनच त्यातली हकीकत इथे सांगते. शिरपूरला जी बाई असेल तीच काही एवढी एकटी नाही.

लग्नाला दोन वर्षे झाली. सून चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, कामाला चटपटीत. यंदा पर्युषणात तिने उपवास धरले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांसाठी पोळ्या करताना एकदम किंचाळली, ताठ झाली आणि पडली. हातपाय झाडू लागली, तोंडाला फेस आला. पडताना तव्याला हात लागला आणि मनगटापर्यंत भाजला. कोणी म्हणाले चप्पल आणा, कोणी म्हणाले कांदा हुंगवा. आमच्याकडे कांदा घरातच येत नाही, तो शेजाऱ्यांकडून मागवला, असे ताईंनी लिहिले आहे. कांदा येईपर्यंत झटके आपोआप थांबले होते, पण श्रेय कांद्यालाच मिळाले!

मग उलगडा झाला. सुनेला बाराव्या वर्षापासून फिट येत होत्या. गोळ्या चालू होत्या, चार वर्षांत फिट नव्हती. माहेरच्यांनी ठरवताना सांगितले नाही, ‘सासरी बोलू नकोस’ असे मुलीला बजावले. पोरीने दोन वर्षे गोळ्या पावडरच्या डब्यात लपवून ठेवल्या आणि रोज सकाळ-रात्री सगळ्यांची नजर चुकवून घेतल्या. पण घरात सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. चातुर्मासात हिनेही तो नियम घेतला आणि रात्रीची गोळी सुटली. मग उपवासात सकाळचीही सुटली. त्यात भर म्हणजे तिला दुसरा महिना आहे.

आता नातेवाईक म्हणतात, फसवणूक झाली, पाठवा माहेरी, सोडचिठ्ठी मिळते या आजारावर. ताई विचारतात, ‘आम्ही काय करावे? आणि तिच्या पोटातल्या बाळाचे काय?’

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण तिथे उशीर चालणार नाही. सूनबाईंना ताबडतोब मेंदूविकारतज्ज्ञांकडे आणि प्रसूतितज्ज्ञांकडे, दोघांकडेही न्या. जी गोळी चालू होती ती ‘बाळाला बाधेल’ म्हणून आपल्या मनाने बंद ठेवू नका. अचानक गोळी सोडल्याने लागोपाठ फिट येऊ शकतात, आणि मोठी फिट आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याची. मात्र गोळी कोणती आहे हे फार महत्त्वाचे. सोडियम व्हॅल्प्रोएट नावाचे औषध फिटवर चांगले असले, तरी गरोदरपणात बाळाच्या पाठीच्या कण्यावर आणि पुढे बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो हे आता पक्के माहीत आहे. म्हणून मूल होण्याच्या वयाच्या बायकांना डॉक्टर शक्यतो दुसरे औषध देतात. डब्यावरचे नाव वाचा, चिठ्ठी सोबत न्या. बदल करायचा तर तो डॉक्टरांनीच, हळूहळू. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खरे म्हणजे दिवस राहण्याच्या आधीपासून चालू असाव्या लागतात. त्या नसल्या तर आजपासून, किती ते डॉक्टर सांगतील. आणि घाबरून जाऊ नका. फिट असलेल्या बहुतेक बायकांना चांगली, धडधाकट बाळे होतात, आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजायलाही बहुतेक औषधांची आडकाठी नसते.

आता सोडचिठ्ठीचे. हे ज्यांनी सांगितले त्यांचे कायद्याचे ज्ञान पंचवीस वर्षे जुने आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली एक दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींत वेडाच्या झटक्यांच्या शेजारी ‘अपस्मार’ हा शब्द येऊन बसला. विशेष विवाह कायद्यातही तेच. म्हणजे मेंदूतल्या विजेचा एक दोष आणि वेड, दोन्ही एकाच ओळीत! त्या एका शब्दाने किती मुलींची लग्ने मोडली असतील देव जाणे. डॉक्टर मंडळी आणि इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडली, आणि १९९९ मध्ये विवाह कायद्यांत दुरुस्ती होऊन तो शब्द काढून टाकण्यात आला. आज नुसता अपस्मार आहे म्हणून लग्न रद्द होत नाही. लपवून ठेवल्याचा मुद्दा काही लोक कोर्टात काढतात, त्याचे वकील पाहतील. माहेरच्यांनी लपवले हे चुकलेच, त्यांना मी पाठीशी घालत नाही. पण ताई, उघड सांगितले असते तर तुम्ही होकार दिला असता का, हेही एकदा स्वतःला विचारा. मला विचाराल, तर ज्या मुलीने दोन वर्षे एकटीने, चोरून, न चुकता औषध घेतले, तिच्या चिकाटीचे मला कौतुकच वाटते.

हा आजार आहे तरी काय? आपल्या मेंदूचा सगळा कारभार बारीक विजेच्या लहरींवर चालतो. मेंदूतल्या पेशींचा एखादा गट मध्येच एकदम, एकाच ठेक्यात वीज सोडू लागला की फिट येते. चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन आहे. शंकराच्या नटराजमूर्तीत पायाखाली जो बुटका पुरुष दिसतो त्याचेही नाव अपस्मार. म्हणजे आजार जुना, आणि त्याची भीतीही जुनी. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो तीच ही तपासणी. डोक्याला बारीक तारा चिकटवतात, अर्धा तास पडून राहायचे, शॉक वगैरे काही नसतो. औषधे तर त्याहून आधीची. फेनोबार्बिटोन १९१२ चे, फेनिटॉइन १९३८ चे. दोन्ही आजही चालतात आणि स्वस्त आहेत. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट औषध घेतले तर शंभरातल्या सत्तरांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घोडे पेंड खाते ते ‘नीट औषध घेतले तर’ इथे.

या विषयातले डॉक्टर कसे काम करतात हे आपल्याला फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. एमबीबीएस झाल्यावर तीन वर्षे एमडी, त्यानंतर आणखी तीन वर्षे मेंदूविकारांचे डीएम. म्हणजे तिशी उलटेपर्यंत शिकणेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एडी भरूचा यांनी हा विषय रुजवला. ज्या एपिलेप्सी असोसिएशनचा उल्लेख वर केला, तिची स्थापना १९७० सालची, आणि त्या कामात ते पुढे होते. आपल्या विदर्भात डॉ. जी. एम. टावरी यांनी नागपूरला १९८४ मध्ये सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था उभी केली, तेव्हा वऱ्हाडातल्या रोग्यांची मुंबईची वारी काही अंशी टळली.

पण तज्ज्ञ शहरात आणि रोगी खेड्यात, हे दुखणे राहिलेच. त्यावर दोन माणसांचे काम सांगण्यासारखे आहे. एक बंगळूरचे डॉ. के. एस. मणी. त्यांनी कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात घरोघर जाऊन फिटचे रोगी शोधले आणि त्याच जुन्या, स्वस्त फेनोबार्बिटोन-फेनिटॉइनवर, गावातल्या शिकवलेल्या आरोग्यसेवकांच्या मदतीने, वर्षानुवर्षे त्यांच्यावर उपचार केले. २००१ मध्ये त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. महागडे यंत्र नसले तरी नियमित गोळी आणि विचारपूस करणारे माणूस असले की खेड्यातही फिट आटोक्यात येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे आपल्याच महाराष्ट्रातले, मुंबईचे डॉ. निर्मल सूर्य. मोठ्या शहरात चांगला जम बसलेला असताना त्यांनी एपिलेप्सी फाउंडेशन काढले आणि २०११ पासून सरकारच्या ग्रामीण आरोग्य अभियानाच्या साथीने जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत शिबिरे घ्यायला सुरुवात केली. तज्ज्ञ डॉक्टरांची तुकडीच तिथे जाते. तिथल्या तिथे ईईजी, तिथल्या तिथे औषधे, आणि ज्या मुलांना चालण्या-बोलण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी व्यायाम आणि वाचा शिकवणारेही. रोग्याने तज्ज्ञापर्यंत जायचे ही रीत उलटी करून तज्ज्ञानेच रोग्यापर्यंत जायचे. एका फिटच्या रोग्याबरोबर दोन माणसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे, मुक्काम, सगळा हिशेब करून घरातल्या बायका ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणतात, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच अशा शिबिराचे मोल कळेल. जिल्हा रुग्णालयात असे शिबिर कधी आहे याची चौकशी तुमच्या आशाताईंकडे करत जा.

आता डॉक्टरांच्या खोलीत काय होते ते. आपल्याला वाटते, एमआरआय काढला की सगळे कळते. पण फिटचा चांगला डॉक्टर फोटोकडे नंतर पाहतो. तो आधी विचारतो, ‘फिट कोणी पाहिली?’ कारण रोग्याला स्वतःला काहीच आठवत नसते. म्हणजे खरी साक्षीदार कोण? आई, नाहीतर बायको, नाहीतर सासू! आधी काय झाले? ओरडली का? मान कुठल्या बाजूला वळली? झटके एका हातापासून सुरू झाले की दोन्हीकडे एकदम? जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का? किती मिनिटे? नंतर झोपली की लगेच बोलू लागली? यावरून तो ओळखतो की ही खरी फिट, की उपाशीपोटी आलेली भोवळ, की मनाच्या ताणाने येणारे झटके. तिन्हींचे उपचार निरनिराळे. हल्ली डॉक्टर म्हणतात, एकाने मोबाइलवर चित्रीकरण करावे, पण दुसऱ्याने रोग्याजवळ बसावे हे आधी.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा तुम्हाला मी काय सांगणार, ताई! अचलपूरच्या राजाचे कुष्ठ पाण्याने गेले ती. त्या कथेतही राजाच्या अंगावरचा फरक पहिल्यांदा राणीच्याच लक्षात आला असे सांगतात. घरच्या बाईची नजर, दुसरे काय.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘डॉक्टर म्हणाले जंतामुळेही फिट येते, पण आम्ही तर शुद्ध शाकाहारी.’ याचा खुलासा करायलाच हवा. आपल्या देशात फिट येण्याचे एक मोठे कारण म्हणजे डुकराच्या मांसातल्या चपट्या कृमीची अंडी. कृमी पोटात होतो तो तसले कच्चे मांस खाणाऱ्याच्या, पण त्याची अंडी शौचातून मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. ती कोथिंबिरीतून, काकडीतून, न धुतलेल्या हातांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात आणि मेंदूत गाठ धरतात. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरातही ती गाठ सापडते. पूर्वी स्कॅनमध्ये असा ठिपका दिसला की क्षयाची गाठ समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे देत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवले की त्यांतले पुष्कळसे ठिपके या कृमीचेच असतात आणि कितीतरी आपोआप विरतात. तेव्हा पालेभाज्या वाहत्या पाण्यात तीनदा धुवा, आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी साबण.

आता मुख्य मुद्दा, संध्याकाळच्या गोळीचा. फिटची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी नव्हे, की दुखले की घेतली. रक्तात तिचे प्रमाण चोवीस तास सारखे राहावे लागते. दोन वेळची गोळी बारा-बारा तासांनी, ती यासाठीच. पर्युषणात सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास, थंडीत तर पावणेसहालाच अंधारू लागते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आमच्याकडे रात्री काही घेत नाहीत. यात लाजण्यासारखे काहीच नाही. काही औषधे सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांत मिळतात, काही दिवसातून एकदा घेतली तरी चालतात. सकाळी सूर्योदयानंतर आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर, दिवस असताना, असे वेळापत्रक ते बसवून देऊ शकतात. पण हे आपल्या मनाने करू नका.

उपवासांचे मात्र मी स्पष्ट सांगते. गरोदर आणि त्यातून फिट येणाऱ्या मुलीने निर्जळ उपवास करू नये. गावात साध्वीजी किंवा माताजी असतील तर सुनेला घेऊन त्यांना विचारा. नियम देतानाच आजारपणाची सूट ठेवण्याची रीत तुमच्याकडेही आहे, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. आणि हे जैन घरांपुरतेच नाही हो. हरतालिकेचे जागरण, चतुर्थ्या, नवरात्राचे नऊ दिवस, आणि लग्नघरातली रात्रभराची धावपळ, या सगळ्यांत फिट येणाऱ्या बाईची झोप मोडते आणि पोट रिकामे राहते. झोप मोडणे हे फिटला आमंत्रणच. जागरणाच्या रात्री तिला खुशाल झोपू द्या, टाळ वाजवायला बाकीच्या आहोत की!

फिट आली तर काय करायचे, हे घरातल्या लहानांनाही शिकवून ठेवा. आधी घड्याळ पाहा. जवळची गरम, धारदार वस्तू दूर करा, डोक्याखाली घडी केलेले लुगडे किंवा उशी द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. झटके ओसरले की हलकेच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल, श्वास कोंडणार नाही. दातांत चमचा, कापड, बोट काही घालायचे नाही. जीभ कोणी गिळत नसते, पण चमच्याने दात मात्र तुटतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नको. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचे काहीच काम नाही. फिट एक-दोन मिनिटांत थांबते ती थांबायचीच असते म्हणून. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. तुमच्या सुनेच्या बाबतीत, पोटात मूल असल्याने, एक फिट आली तरी त्याच दिवशी दवाखाना.

स्वयंपाकघरात थोडी सोय करा. तिने शेगडीपाशी काम करायचे तर मागच्या बर्नरवर, आणि कढईतले तळण सध्या तुम्ही करा. न्हाणीघराला आतून कडी नको, दाराला ‘आत कोणी आहे’ अशी पाटी पुरते. विहिरीवर, तलावावर एकटीने जायचे नाही. पुढे बाळ झाले की त्याला खाली गादीवर बसून पाजायचे, आणि आंघोळ घालताना जवळ कोणीतरी हवे. तुम्ही असालच.

बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा असेल, तर एक गोष्ट बहुतेक जणींना कोणी सांगत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांसारख्या औषधांनी संततिनियमनाच्या गोळ्यांचा असर कमी होतो. गोळ्या घेऊनही दिवस राहिले म्हणून रडणाऱ्या बायका डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. तांबीची याला अडचण नाही. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

‘गोळ्या जन्मभर का?’ असेही विचारले आहे. नेहमीच नाही. दोन-तीन वर्षे एकही फिट नसेल, तर डॉक्टर तपासून हळूहळू कमी करून पाहतात. तुमच्या सुनेची चार वर्षे झाली होती. ती लपवाछपवी नसती तर कदाचित ही चर्चा कधीच झाली असती! आता गरोदरपणात तो विषय काढू नका, नंतर पाहता येईल. ज्यांना दोन-तीन औषधांनीही गुण येत नाही, अशांपैकी काहींना शस्त्रक्रियेने बरे करता येते.

सुनेला बोलायला कोणी हवे असेल, तर पुण्यात यशोदा वाकणकर यांचे संवेदना फाउंडेशन आहे. त्यांनी स्वतः हा आजार भोगला आहे. त्यातून त्यांनी रोग्यांचा आणि घरच्यांचा गट उभा केला, आणि फिट असलेल्या मुलामुलींची लग्ने काही न लपवता जुळावीत म्हणूनही त्या काम करतात. तुमच्या विहीणबाईंना हे वेळेवर कळायला हवे होते.

ताई, उद्या सकाळी एवढे करा. पावडरच्या डब्यातल्या गोळ्या बाहेर काढून स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी कोरड्या डब्यात ठेवा. गोळी घेतली की त्या तारखेवर सुनेने खूण करायची, आणि फिट आली तर तांबड्या शाईने वेळ लिहायची. डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडरच पिशवीत घालून न्यायचे. अकोल्याला किंवा वाशीमला कोणाकडे गेलात आणि त्यांनी काय सांगितले, ते मला जरूर कळवा. हाताच्या जखमेवर तूप-हळद लावली असल्याचे लिहिले आहे, ते थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. भाजल्यावर पहिले वीस मिनिटे नुसते गार पाणी, हे पुढच्या अंकी सविस्तर लिहिणारच आहे.